डीएपीच्या गोणीऐवजी काय आणि किती? : धानाच्या खतमात्रेची समीकरणे

२०२५ च्या खरिपात छत्तीसगडमध्ये डीएपीचा तुटवडा जाणवला. रोवणीच्या तोंडावर सहकारी समित्यांमध्ये गोण्या अपुऱ्या पडल्या आणि विषय राज्याच्या विधानसभेपर्यंत पोहोचला. शासनाच्या पातळीवर पर्यायही सुचविण्यात आले. २०:२०:०:१३, १२:३२:१६, सिंगल सुपर फॉस्फेट आणि नॅनो डीएपी ही नावे त्या काळात रायपूर परिसरातील बहुतेक शेतकऱ्यांच्या कानावर गेली. ‘डीएपी नाही, मग त्याऐवजी काय?’ या प्रश्नाला अशा रीतीने उत्तर मिळाले. ‘किती?’ हा प्रश्न मात्र बहुधा समितीच्या खिडकीवरच सुटतो, आणि तोही गोणीला गोणी या हिशोबाने.

हा हिशोब किती चुकतो, हे गोणीवरचे आकडे वाचले की कळते. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद असते. म्हणजे ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. तिच्याऐवजी २०:२०:०:१३ ची एक गोणी टाकली, तर नत्र १० किलो आणि स्फुरदही १० किलोच मिळते. स्फुरदात १३ किलोंची तूट येते. १२:३२:१६ ची एक गोणी १६ किलो स्फुरद देते. तूट ७ किलोंची. सुपर फॉस्फेटच्या गोणीतून ८ किलो स्फुरद मिळते. तूट १५ किलोंची, शिवाय नत्र मुळीच नाही.

यातली पहिली चूक सर्वांत फसवी आहे. २०:२०:०:१३ मध्ये नत्र डीएपीपेक्षा किंचित जास्तच असल्याने पीक हिरवेगार दिसते आणि कोणालाही शंका येत नाही. स्फुरदाची कमतरता धानात सहसा पिवळेपणाने प्रकट होत नाही. फुटवे कमी येतात, पाने गडद हिरवी व ताठ राहतात, पीक उशिरा पक्व होते. हे लक्षात येईपर्यंत स्फुरद देण्याची वेळ निघून गेलेली असते, कारण स्फुरद जमिनीत जागचे फारसे हलत नाही आणि ते लागवडीच्या वेळीच मुळांच्या कक्षेत पडावे लागते.

म्हणून खत बदलताना गोणी मोजून भागत नाही, अन्नद्रव्य मोजावे लागते. अनेक खते मिळून अनेक अन्नद्रव्यांचे ठरावीक वजन भरायचे, हा प्रश्न शाळेच्या दहावीच्या पुस्तकातील मिश्रणाच्या उदाहरणांहून निराळा नाही. तिथे दोन प्रकारचा चहा किंवा दोन तीव्रतेची द्रावणे असतात. इथे युरिया, सुपर आणि पोटॅश आहेत. रीत तीच : जितक्या अटी, तितकी रेषीय समीकरणे, जितकी खते, तितकी चले.

उजवी बाजू कुठून येते?

समीकरणाच्या उजव्या बाजूला पिकाची गरज लिहायची असते आणि ती कोणत्याही दुकानात मिळत नाही. ती माती परीक्षणातून येते. या कामाचा देशातील पाया १९६७ च्या सुमारास रामामूर्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सोनोरा-६४’ गव्हावर घातला. अपेक्षित उत्पादन आधी ठरवायचे आणि त्यावरून खताची मात्रा काढायची, ही ती पद्धत. मृदा चाचणी व पीक प्रतिसादाच्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पातून ती पुढे राज्योराज्यी गेली. या प्रकल्पाचे एक केंद्र रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात आहे, तर महाराष्ट्रात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात आहे. या पद्धतीतील सूत्रही रेषीयच असते. अपेक्षित उत्पादनाला एका गुणांकाने गुणायचे, जमिनीत उपलब्ध असलेल्या अन्नद्रव्याला दुसऱ्या गुणांकाने गुणायचे आणि पहिल्यातून दुसरे वजा करायचे; उरते ती द्यावयाची मात्रा. गुणांक पिकागणिक आणि मातीगणिक बदलतात.

मातीगणिक बदलतात, हे छत्तीसगडच्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. तो स्वतःच शेताला चार नावांनी ओळखतो. उंचावरची मुरमाड भाटा, तिच्याखालची पिवळसर मटासी, मग डोरसा आणि सखल भागातील काळी, भारी कन्हार. एकाच गावाच्या उतारावर या चारही माती सापडू शकतात. गोंदिया, भंडारा, गडचिरोलीकडील धानपट्ट्यातही नावे वेगळी असली तरी उताराची गोष्ट हीच आहे. भाट्याची मात्रा कन्हारला लावणे म्हणजे उजवी बाजूच चुकीची लिहिणे. मग समीकरण कितीही अचूक सोडविले तरी उत्तर चुकणारच.

पुढील उदाहरणांत हेक्टरी १०० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश ही मात्रा धरली आहे. मध्यम कालावधीच्या सुधारित धानासाठी ती अनेकदा शिफारशीत दिसते. एकर म्हणजे हेक्टरचा सुमारे अडीचावा भाग धरल्यास एकरी ४० : २४ : १६ असे सोपे आकडे मिळतात. वाचकांनी आपल्या मृदा आरोग्य पत्रिकेवरील आकडे यांच्या जागी घालावेत. येथे स्फुरद म्हणजे फॉस्फरस पेंटॉक्साइड आणि पालाश म्हणजे पोटॅशियम ऑक्साइड. गोणीवर व शिफारशीत हेच लिहिलेले असते, त्यामुळे दोन्हींचा मेळ थेट बसतो.

आधी डीएपी असतानाचे गणित

डीएपीचे वजन ‘ड’, युरियाचे ‘य’ आणि म्युरेट ऑफ पोटॅशचे ‘प’ किलो मानू. युरियात ४६ टक्के नत्र व पोटॅशमध्ये ६० टक्के पालाश असते. प्रत्येक अन्नद्रव्याची एक अट :

नत्र : ०.१८ ड + ०.४६ य = ४०
स्फुरद : ०.४६ ड = २४
पालाश : ०.६० प = १६

तीन चले आणि तीन समीकरणे आहेत. पण ती एकमेकांत फारशी गुंतलेली नाहीत. स्फुरदाच्या समीकरणात एकच चल असल्याने सुरुवात तिथूनच करावी. ड = ५२.२ किलो. एवढ्या डीएपीबरोबर ९.४ किलो नत्र आपोआप येते. उरलेल्या ३०.६ किलो नत्रासाठी य = ६६.५ किलो. पालाशासाठी प = २६.७ किलो. म्हणजे एकरी एका गोणीहून किंचित जास्त डीएपी, ४५ किलोच्या दीड गोण्या युरिया आणि अर्ध्या गोणीहून थोडे अधिक पोटॅश.

पुष्कळदा चूक होते ती याच टप्प्यावर. डीएपीतून आलेले ९.४ किलो नत्र वजा न करता युरिया थेट ४० किलो नत्रासाठी मोजला जातो. तसे केल्यास एकरी सुमारे २० किलो युरिया जास्त पडतो. धान लोळते, करपा आणि तुडतुड्यांना आमंत्रण मिळते, आणि दोष बियाण्याला दिला जातो.

आता डीएपी काढून टाकू आणि त्या जागी सुपर फॉस्फेट ‘स’ घेऊ. त्यात १६ टक्के स्फुरद आहे, नत्र नाही.

स्फुरद : ०.१६ स = २४, म्हणून स = १५० किलो
नत्र : ०.४६ य = ४०, म्हणून य = ८७ किलो
पालाश : प = २६.७ किलो

सुपरच्या बरोबर ३ गोण्या लागतात. युरिया डीएपीच्या वेळेपेक्षा सुमारे २० किलोंनी वाढतो. ‘एका डीएपीला तीन सुपर आणि एक युरिया’ असा तोंडी हिशोब धरला, तर त्यातला सुपरचा आकडा जवळपास बरोबर आहे. युरियाचा आकडा मात्र दुपटीहून अधिक चुकतो, कारण डीएपीच्या गोणीतील ९ किलो नत्र भरून काढायला १९.६ किलो युरिया पुरतो आणि गोणी ४५ किलोची असते. सुपरसोबत १६.५ किलो गंधक आणि बरेचसे कॅल्शियमही शेतात जाते. गंधक कमी असलेल्या जमिनीत ही जमेची बाजू आहे. १५० किलोंची वाहतूक आणि ते पसरविण्याची मजुरी ही उणे बाजू.

१२:३२:१६ घेतले, तर त्याचे वजन ‘क’ मानून स्फुरदासाठी ०.३२ क = २४, म्हणजे क = ७५ किलो. त्यातून ९ किलो नत्र आणि १२ किलो पालाश येते. उरलेल्या ३१ किलो नत्रासाठी ६७.४ किलो युरिया आणि ४ किलो पालाशासाठी ६.७ किलो पोटॅश. संयुक्त खताच्या दीड गोण्या, युरियाच्या दीड गोण्या आणि वर सात किलो सुटे पोटॅश. धानासाठी हाताळायला हे सर्वांत सुटसुटीत मिश्रण ठरते.

उत्तर ऋण आले तर

तालुक्याच्या दुकानात १०:२६:२६ मिळते आणि तेही चालेल असे सांगितले जाते. स्फुरदासाठी ०.२६ क = २४, म्हणून क = ९२.३ किलो. यातून पालाशही २४ किलोच येते. गरज १६ किलोंची आहे. पालाशाचे समीकरण आता असे होते :

२४ + ०.६० प = १६, म्हणून प = −१३.३ किलो

वजन ऋण असू शकत नाही. तरीही हे उत्तर खोडून टाकण्यासारखे नाही. समीकरण स्पष्टपणे सांगते की या खतांच्या जोडीने या तिन्ही अटी एकाच वेळी अचूक पाळता येणार नाहीत. शेतातून १३ किलो पोटॅश परत काढून घेता आले असते तरच जमले असते. कागदावर ऋण चिन्ह दिसले की विस्तार कार्यकर्त्याने आकडे पुन्हा तपासावेत आणि आकडे बरोबर असतील तर खत बदलावे.

या उदाहरणात वाट सोपी आहे. १०:२६:२६ स्फुरदासाठी नव्हे, पालाशासाठी मोजावे. ०.२६ क = १६, म्हणून क = ६१.५ किलो. त्यातून स्फुरदही १६ किलो येईल. उरलेले ८ किलो स्फुरद सुपरच्या नेमक्या एका गोणीतून मिळेल. नत्र ६.२ किलो आले आहे, राहिलेल्या ३३.८ किलोंसाठी ७३.६ किलो युरिया. वेगळे पोटॅश घ्यावेच लागत नाही. ज्या अन्नद्रव्याची गरज आधी पूर्ण होते, त्यावरून खताचे वजन ठरवायचे, ही यामागची युक्ती.

नत्राची वेळ : चौथी अट

२०:२०:०:१३ ने स्फुरद भरायचे ठरले, तर १२० किलो लागते. त्यातून २४ किलो नत्र येते, युरिया ३४.८ किलो पुरतो, पोटॅश २६.७ किलो आणि १५.६ किलो गंधक. सगळी उत्तरे धन आहेत, तिन्ही समीकरणे जुळतात. गणिताच्या परीक्षेत पूर्ण गुण.

शेतात मात्र अडचण येते. स्फुरदयुक्त खत लागवडीच्या वेळी द्यायचे असते. म्हणजे एकूण ४० पैकी २४ किलो नत्र, साठ टक्के, पहिल्याच दिवशी पडते. धानाला नत्र हप्त्यांनी हवे असते : काही लागवडीला, काही फुटव्यांच्या वेळी, काही लोंबी धरण्याच्या सुमारास. छत्तीसगडमध्ये फेकून पेरलेल्या धानात ब्यासी करण्याची रीत आहे. पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्याने बांधीत पाणी साचले की उभ्या पिकात हलकी नांगरट होते. तोपर्यंत शेतात तणांचाही जोर असतो. पेरणीलाच २४ किलो नत्र टाकले, तर त्यातला मोठा वाटा तण खाऊन टाकते, आणि ब्यासीनंतर फुटवे फुटण्याच्या वेळी द्यायला हातात थोडेच उरते.

म्हणून चौथी अट घालावी लागते : लागवडीच्या वेळचे नत्र किती? समजा, ते १२ किलो ठेवायचे आहे आणि समितीत १२:३२:१६ व २०:२०:०:१३ ही दोन्ही खते थोडीथोडी उपलब्ध आहेत. पहिल्याचे वजन ‘क’ आणि दुसऱ्याचे ‘ख’ मानू.

लागवडीचे नत्र : ०.१२ क + ०.२० ख = १२
स्फुरद : ०.३२ क + ०.२० ख = २४

आता दोन्ही चले दोन्ही समीकरणांत आहेत. आधीसारखे एकेक उलगडत जाता येत नाही. पण ‘ख’ चा सहगुणक दोन्हीकडे सारखाच आहे. दुसऱ्यातून पहिले वजा केले की ‘ख’ चा लोप होतो :

०.२० क = १२, म्हणून क = ६० किलो

ही किंमत पहिल्या समीकरणात घातली तर ७.२ + ०.२० ख = १२, म्हणून ख = २४ किलो. पालाश ९.६ किलो आले, उरलेल्या ६.४ किलोंसाठी १०.७ किलो पोटॅश. हप्त्यांनी द्यायच्या २८ किलो नत्रासाठी ६०.९ किलो युरिया.

इथे एक गोष्ट हातात पेन घेऊन पडताळून पाहण्यासारखी आहे. लागवडीचे नत्र १२ ऐवजी ८ किलो ठेवले, तर क = ८० येते आणि ख = −८. पुन्हा ऋण. नत्र २४ किलोंच्या वर मागितले, तर ‘क’ ऋण होतो. या दोन खतांनी २४ किलो स्फुरद भरताना लागवडीचे नत्र ९ आणि २४ किलो यांच्या दरम्यानच राहू शकते. ९ म्हणजे फक्त १२:३२:१६, २४ म्हणजे फक्त २०:२०:०:१३. मिश्रणाचे मूल्य घटकांच्या मूल्यांच्या बाहेर कधीच जात नाही. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातील ‘लीलावती’त निरनिराळ्या कसाचे सोने एकत्र वितळवल्यावर मिळणारा कस काढण्याची रीत आहे. तिथेही वजन गुणिले कस यांची बेरीज करून तिला एकूण वजनाने भागायचे असते, आणि तिथेही उत्तर सर्वांत हलक्या आणि सर्वांत उत्तम सोन्याच्या मध्येच पडते. ९ पेक्षा कमी नत्र हवे असेल, तर नत्र नसलेले खत, म्हणजे सुपर, मिश्रणात आणावेच लागेल.

किमतीचेही समीकरण

गोणीची किंमत आणि अन्नद्रव्याची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२५ च्या हंगामात युरियाची ४५ किलोची गोणी २६६.५० रुपयांना आणि डीएपीची ५० किलोची गोणी १३५० रुपयांना होती. युरियाच्या गोणीत २०.७ किलो नत्र. म्हणून नत्र १२.८७ रुपये किलो पडले. डीएपीच्या गोणीतील ९ किलो नत्राचे ११६ रुपये वजा केले, तर २३ किलो स्फुरदाचे १२३४ रुपये उरतात. म्हणजे स्फुरद सुमारे ५३.६६ रुपये किलो.

हे दोन दर हाती आले की कोणतीही पर्यायी गोणी तोलता येते. सुपरच्या गोणीतील ८ किलो स्फुरदाचे मोल ४२९ रुपये. गंधक हिशोबात न धरताही सुपरची गोणी याहून स्वस्त मिळत असेल, तर अन्नद्रव्याच्या भावात ती डीएपीपेक्षा परवडते. वाहतूक आणि मजुरी त्यात मिळवून मग तुलना करावी. २०:२०:०:१३ च्या गोणीतील नत्र व स्फुरदाचे मोल ६६५ रुपये होते. दुकानदार त्याहून जास्त मागत असेल, तर वरचे पैसे साडेसहा किलो गंधकासाठी मोजले जात आहेत, हे शेतकऱ्याला ठाऊक असावे. जमिनीत गंधक पुरेसे असेल, तर तो खर्च टाळता येण्याजोगा आहे. खिडकीवर ‘हेच घ्या, हे भारी आहे’ असे ऐकू आले की हा हिशोब उपयोगी पडतो.

समीकरणाला न दिसणारे

नॅनो डीएपी या समीकरणात बसत नाही, आणि ते ओढूनताणून बसवूही नये. अर्ध्या लिटरच्या बाटलीत ८ टक्के नत्र आणि १६ टक्के स्फुरद म्हणजे सुमारे ४० ग्रॅम व ८० ग्रॅम. गरज २४ किलो स्फुरदाची आहे. त्याचा दावा वजनावर नव्हे, शोषणाच्या कार्यक्षमतेवर उभा आहे, आणि त्याची पारख शेतातील तुलनात्मक चाचणीनेच होऊ शकते. जमिनीतून द्यायच्या स्फुरदाचा हिशोब त्याच्या भरवशावर शून्यावर आणणे धोक्याचे आहे.

गणिती मिश्रण आणि ढिगातले मिश्रण यांतही फरक आहे. युरिया आणि सुपर एकत्र करून ठेवले की मिश्रण ओलसर होऊन चिकटते आणि हाताने सारखे पसरत नाही. ही दोन खते एकाच वेळी द्यायची असली, तरी ती शेताच्या बांधावर, ऐन वेळी एकत्र करावीत किंवा वेगवेगळी फेकावीत. जस्ताची कमतरता असलेल्या शेतात झिंक सल्फेट द्यायचे असेल, तर ते स्फुरदयुक्त खतात मिसळू नये.

हंगामाच्या दुसऱ्या टोकालाही, म्हणजे धान विक्रीच्या वेळी, मिश्रणाचे असेच एक गणित फसवते. सरकारी खरेदीत धानाची आर्द्रता १७ टक्क्यांपर्यंत चालते. २० टक्के आर्द्रतेचे ४ भाग आणि १३ टक्क्यांचे ३ भाग मिसळले की सरासरी बरोबर १७ येते. समीकरण खोटे बोलत नाही. पण ओला दाणा ओलाच असतो, त्याभोवती ढीग तापतो, आणि कोरडा दाणा ओलावा शोषताना आतून तडकतो. भरडाईत त्याची कणी होते. उन्हात वाळवणे याला पर्याय नाही.

पाच एकरांचा एक प्रत्यक्ष हिशोब

प्रत्यक्षात डीएपी अजिबात नसते असे क्वचितच घडते. बहुधा ते मोजून मिळते. समजा, पाच एकर मटासीच्या शेतकऱ्याच्या वाट्याला डीएपीच्या ३ गोण्या आल्या आणि उरलेले स्फुरद त्याने सुपरमधून द्यायचे ठरविले. पाच एकरांची गरज २०० : १२० : ८०.

१५० किलो डीएपीतून २७ किलो नत्र आणि ६९ किलो स्फुरद येते. उरलेल्या ५१ किलो स्फुरदासाठी ०.१६ स = ५१, म्हणून स = ३१८.८ किलो. नत्र १७३ किलो हवे, म्हणून य = ३७६ किलो. पोटॅश १३३ किलो.

गोण्या फोडून किलोकिलोने मोजणे शक्य नसते, म्हणून अर्ध्या गोणीपर्यंत पूर्णांक करावा आणि मग उलट दिशेने ताळा घ्यावा. सुपर साडेसहा गोण्या म्हणजे ३२५ किलो, त्यातून ५२ किलो स्फुरद. युरिया साडेआठ गोण्या म्हणजे ३८२.५ किलो, त्यातून १७६ किलो नत्र. पोटॅश अडीच गोण्या आणि वर ८ किलो सुटे. एकूण नत्र २०३, स्फुरद १२१, पालाश ८०. एकरी ४०.६ : २४.२ : १६. हाताने खत फेकताना एका बांधीपासून दुसऱ्या बांधीपर्यंत होणारा फरक याहून मोठा असतो, त्यामुळे हा ताळा पुरेसा आहे.

डीएपी कोणत्या बांधीत टाकायचे, हा निर्णयही त्याच कागदावर व्हावा. तीन गोण्या पाचही एकरांत थोड्याथोड्या पसरल्या, तर प्रत्येक एकरात दोन खते फेकावी लागतात. त्याऐवजी १५० किलो डीएपी एकरी ५२.२ किलोंच्या हिशोबाने रस्त्यापासून दूरच्या सुमारे २.९ एकरांत द्यावे, जिथे जड सुपर डोक्यावरून वाहून न्यावे लागले असते. आणि उरलेल्या २.१ एकरांत, जिथे बैलगाडी बांधापर्यंत जाते, तिथे एकरी ३ गोण्या सुपर टाकावे. सुपरच्या बांध्यांत युरिया एकरी ८७ किलो आणि डीएपीच्या बांध्यांत ६६.५ किलो, हे दोन आकडे मात्र पत्रिकेच्या मागे वेगवेगळे लिहून ठेवावेत, कारण ब्यासीनंतर वरखत देणारा माणूस अनेकदा दुसराच असतो.